चालीचे देणे



न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात संगीताच्या चालींवर भाषण व्हावे, हे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या पुस्तकावाचून देरासरातील सकाळ पुरी होत नाही, त्या पूजासंग्रहाचे कोणतेही पान उघडून पाहावे. ढाळीच्या शिरोभागी बारीक टाइपात एक ओळ छापलेली असते आणि तिच्या शेवटी बहुधा ‘ए देशी’ असे दोन शब्द असतात. पूजेस बसलेल्यांपैकी बहुतेकांची नजर त्या ओळीवरून थेट खालच्या गाथेवर उतरते. ती दुर्लक्षित ओळ हाच प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

देशी म्हणजे लोकांमध्ये आधीपासून रूढ असलेली चाल. कवीने रास, सज्झाय, स्तवन किंवा पूजा रचली की तिच्या प्रत्येक ढाळीवर तो एका प्रचलित गीताची पहिली ओळ लिहीत असे. ‘ही ढाळ त्या गीताच्या चालीवर म्हणावी’ एवढाच तिचा अर्थ. ते गीत गरब्याचे असे, लग्नातले असे, पाणवठ्यावरचे असे. कित्येकदा ते निव्वळ शृंगाराचेही असे. वैराग्याच्या सज्झायेवर विरहिणीच्या गाण्याची ओळ पाहून आजचा वाचक बिचकतो. त्या काळचा श्रावक बिचकत नव्हता, कारण त्याला ती ओळ वाचायची नव्हती. तिच्यावरून गळा लावायचा होता.

ही पद्धत का पडली असावी, याचा उलगडा साधुजीवनाच्या आचारातच होतो. साधु-साध्वींना वाद्याचा आधार घेता येत नाही. चातुर्मासाचे महिने सोडले तर त्यांचा मुक्काम एका गावी राहत नाही. रात्रीच्या प्रतिक्रमणातील सज्झाय असो की व्याख्यानातील रास असो, ऐकणाऱ्यांना ती दोन-चार दिवसांत मुखोद्गत व्हावी अशी अपेक्षा असते. नवी चाल शिकविण्यास तेथे ना वेळ ना साधन. तेव्हा त्या गावातील श्राविकांच्या ओठांवर जे गाणे आधीच आहे, त्याच्याच अंगावर नवी गाथा चढविणे हा सर्वांत सोपा मार्ग होता. विहारात साधूंचे पाय जसजसे पुढे गेले, तसतशा मारवाडच्या चाली गुजरातेत आणि गुजरातेतील चाली माळव्यात पोहोचल्या.

सतराव्या शतकातील महोपाध्याय समयसुंदर यांच्या रचना या दृष्टीने पाहण्याजोग्या आहेत. साचोरचे हे खरतरगच्छीय कवी केवळ मूळ गीताचे नाव देऊन थांबत नाहीत. आपल्या ‘सीताराम चौपाई’त काही ढाळींवर, हे गीत मारवाड-ढुंढाडकडे प्रसिद्ध आहे, असा खुलासाही ते करतात. आधीच्या गीताचे नाव आणि गाव दोन्ही नोंदवून ठेवणारा हा कवी हिशेबाच्या बाबतीत किती चोख होता, हे व्यापारी समाजाला वेगळे सांगावयास नको. पुढे अहमदाबादचे पंडित वीरविजय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्या पूजा रचल्या, त्यांत हीच रीत दिसते. आज नित्य म्हटली जाणारी स्नात्रपूजा त्यांचीच. तिच्या चाली त्या काळच्या शहरात आणि पोळांत घुमणाऱ्या चालींच्या आप्त आहेत. म्हणजे ज्या चालींना आज शुद्ध, प्राचीन आणि शास्त्रोक्त म्हणून मान दिला जातो, त्यांपैकी अनेक चाली एके काळी बाजारात आणि अंगणात वावरणाऱ्या होत्या.

मराठी जैन कवींनीही शेजाऱ्यापासून घेण्यात संकोच मानला नाही. दहीगावच्या परंपरेतील ब्रह्मचारी महतीसागर यांनी अभंग, पदे आणि आरत्या मराठीत रचल्या. अभंगाचा साचा वारकऱ्यांच्या अंगणातला. आशय मात्र जिनभक्तीचा.

या देशींचे मोल प्रथम ओळखले ते मुंबईतील एका वकिलाने. मोहनलाल दलीचंद देसाई (१८८५–१९४५) यांनी वकिली सांभाळून, भांडारोभांडारीच्या हस्तलिखितांचा धांडोळा घेऊन ‘जैन गूर्जर कविओ’ हा ग्रंथ १९२६ ते १९४४ या काळात प्रसिद्ध केला. त्यात कवींची आणि कृतींची माहिती तर आहेच. परंतु ढाळींच्या शिरोभागी आढळणाऱ्या देशींची एक लांबलचक सूचीही त्यांनी तयार केली. जयंत कोठारी यांनी या ग्रंथाची संशोधित आवृत्ती १९८६ पासून सिद्ध केली, आणि ती मुंबईच्या महावीर जैन विद्यालयाने प्रकाशित केली. ही सूची वाचताना मन अस्वस्थ होते. तिच्यातील कित्येक गीतांची फक्त पहिली ओळ आज शिल्लक आहे. ती गाणाऱ्या बायका गेल्या, गाणी गेली, काही गावांतून तर तो रिवाजही गेला. संसाराचा त्याग केलेल्या एका साधूने आपल्या सज्झायेच्या माथ्यावर जी आठ-दहा अक्षरे टिपून ठेवली, तेवढाच त्या संसारी गाण्याचा जगात असल्याचा पुरावा. येथे घेणाऱ्यानेच देणाऱ्याला राखले.

याच मुंबईत दुसरे एक वकील याच सुमारास दुसऱ्या टोकाने काम करीत होते. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) घराण्यांतील उस्तादांकडून चिजा मिळवून त्यांचे स्वरलेखन छापीत होते. देसाईंच्या सूचीत नावे आहेत, स्वर नाहीत. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकांत स्वर आहेत, पण देशींकडे वळण्याचा त्यांचा हेतू नव्हता. एकाच शहरातील या दोन कामांची गाठ पडली असती, तर आज आपल्या हाती काय असते, हा विचार चटका लावून जातो.

महाराष्ट्राला ‘देशी’ हा शब्द या अर्थाने अपरिचित असला, तरी त्याचा सख्खा भाऊ मात्र चांगला परिचयाचा आहे. तो म्हणजे नाट्यपदावरील ‘चाल’. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’. अण्णासाहेब मूळचे बेळगाव भागातील गुर्लहोसूरचे. कानडी मुलखातील चाली त्यांच्या कानात बसलेल्या. साकी, दिंडी, लावणी ही मराठी धनदौलत तर घरचीच. त्यांनी पदे रचली ती या चालींवर, आणि नाटकाच्या छापील पुस्तकात प्रत्येक पदावर ‘चाल’ असे लिहून मूळ गीताची ओळ दिली. पुढे ‘मानापमान’ (१९११) मध्ये गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याचा रंग आणला आणि ‘स्वयंवर’ (१९१६) मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या चिजांचे वैभव पदांना दिले. ‘एकच प्याला’ची हकीगत तर विलक्षण आहे. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये निवर्तले. पदे लिहिली विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी, आणि बालगंधर्वांना चाली मिळाल्या त्या सुंदराबाईंकडून. सुंदराबाईंच्या गळ्यातील बैठकीच्या गाण्याने सिंधूच्या दुःखाला सूर दिला. त्या पदांनी महाराष्ट्रातील माजघरे रडविली. आणि ज्या बैठकीतून त्या चाली आल्या, त्या बैठकीचे नाव घेण्यासही त्याच माजघरांत संकोच होता.

उसनवारीचा हा व्यवहार एकट्या महाराष्ट्राचा किंवा गुजरातचा नाही. बंगालमध्ये खुद्द रवींद्रनाथांनी स्कॉटलंड-आयर्लंडच्या चाली घेतल्या. १८८१ च्या ‘वाल्मीकि-प्रतिभा’त त्या आहेत. १९०५ मध्ये वंगभंगाच्या चळवळीत त्यांनी जे गीत रचले आणि जे पुढे बांगलादेशाचे राष्ट्रगीत झाले, त्याची चाल गगन हरकरा या बाउल गायकाच्या गीताची आहे. हरकरा म्हणजे टपाल पोहोचविणारा. शिलाईदह परिसरात पत्रे वाटणाऱ्या या माणसाचे नाव रवींद्रनाथांनी दडविले नाही, म्हणून ते आज ज्ञात आहे.

प्रेमगीताची चाल उपासनेत जावी, याचे एक दूरचे उदाहरण येथे अवश्य सांगितले पाहिजे, कारण पुढील विवेचनाला त्याची गरज लागेल. जर्मनीत हान्स लिओ हास्लर या संगीतकाराने १६०१ साली एक प्रेमगीत प्रसिद्ध केले. एका तरुणीमुळे चित्त भ्रमले आहे, असा त्याचा आशय. थोड्याच वर्षांत ती चाल चर्चच्या भजनांत गेली आणि सतराव्या शतकाच्या मध्यास येशूच्या क्रूसावरील यातनांच्या भजनाशी ती कायमची जोडली गेली. १७२७ मध्ये योहान सेबास्टियन बाखने आपल्या महान धार्मिक रचनेत ती पाच वेळा योजली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, चाल जशीच्या तशी आत गेली नाही. हास्लरच्या गीताची लय नाचरी, मध्येच उडी घेणारी होती. चर्चमध्ये शेकडो लोकांना एकदम म्हणता यावे म्हणून कालांतराने तिचे स्वर सारख्या लांबीचे, संथ झाले. देवळात शिरताना चालीने जोडे बाहेर काढले, असे म्हणता येईल.

मग ही शिरोभागी नाव लिहिण्याची रीत सुटली कशी? तिचे एक कारण अगदी साधे, यांत्रिक आहे. १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहरजान यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले आणि भारतात तबकडीचे युग सुरू झाले. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर जागा किती? गायिकेचे नाव, कंपनीचे नाव, फार तर रागाचे नाव. ‘चाल’ ही ओळ पुस्तकाच्या पानावर राहू शकत होती. तबकडीवर तिला जागाच उरली नाही. बोलपट आले तेव्हा पडद्यावर संगीतकाराचे एकच नाव झळकू लागले आणि ऐकणाऱ्याने ओघानेच मानले की सारे काही त्या नावाचेच आहे. वास्तविक १९५१ च्या ‘आवारा’तील स्वप्नदृश्याच्या गीतात इजिप्तच्या उम्म कुलसूम यांच्या गाण्याची चाल आहे. १९६१ च्या ‘छाया’मध्ये सलील चौधरींनी मोझार्टच्या १७८८ मधील चाळिसाव्या सिंफनीचा प्रारंभ घेतला. १९७३ च्या ‘अभिमान’मधील सचिनदेव बर्मन यांच्या एका युगुलगीताचा मुखडा रवींद्रनाथांच्या गीताचा आहे. ही तिन्ही गीते उत्तमच आहेत. सलीलदांनी मोझार्टचा आरंभ घेतला आणि पुढे आपल्या वाटेने गेले. बर्मनदांनी मुखडा घेतला आणि अंतरा स्वतःचा केला. अशा घेण्याला चोरी म्हणणे अरसिकपणाचे होईल. उणीव एवढीच की, समयसुंदरांनी जो एका ओळीचा खुलासा केला असता, तो पडद्यावर आला नाही.

खाते उघडे न ठेवल्याने काय होते, याचे उदाहरण आज घरोघरी गायिले जाणारे वाढदिवसाचे इंग्रजी गीत. त्याची चाल अमेरिकेतील केंटकी प्रांतातल्या पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या भगिनींनी बालवर्गातील मुलांच्या सकाळच्या नमस्कारगीतासाठी १८९३ मध्ये प्रसिद्ध केली होती. पुढे तिच्यावर वाढदिवसाचे शब्द बसले, आणि एक प्रकाशन कंपनी त्या गीताच्या वापरासाठी अनेक वर्षे पैसे घेत राहिली. २०१५ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने कंपनीचा त्या शब्दांवरील हक्काचा दावा अमान्य केला. २०१६ मध्ये १ कोटी ४० लाख डॉलरच्या तडजोडीने प्रकरण मिटले आणि गीत सर्वांना मोकळे झाले. बालवर्गाच्या शिक्षिकांनी मुलांसाठी केलेली चाल, आणि तिच्या नावाने शंभराहून अधिक वर्षांनी एवढी मोठी रक्कम!

आता घरच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. भावनेत, पूजेत आणि तपस्येच्या वरघोड्यात चित्रपटगीतांच्या चाली वापराव्यात की नाही, यावरून ठिकठिकाणच्या संघांत ज्येष्ठ आणि तरुण यांच्यात वाद आहे. कोठे तो हसत-खेळत चालतो, कोठे मंडळे फुटण्यापर्यंत जातो. ज्येष्ठांचा आक्षेप असा की, चाल कानी पडताच पडद्यावरचा प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो आणि प्रतिमेवरील दृष्टी ढळते. तरुणांचे उत्तर असे की, पूर्वाचार्यांनीही लोकांचीच गाणी घेतली. दोन्ही म्हणणी खरी आहेत, आणि म्हणूनच वाद मिटत नाही.

तरुणांच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. भक्तिमंडळांच्या पुस्तिकांत गीतावर ‘तर्ज’ असे लिहून चित्रपटगीताचे नाव दिलेले असते. तेरापंथी परंपरेत आचार्य तुलसी (१९१४–१९९७) यांच्या गीतिकांवरही ‘लय’ म्हणून मूळ गीताचा निर्देश आढळतो. म्हणजे जी प्रामाणिक रीत चित्रपटसृष्टीने सोडली, ती या साध्या पुस्तिकांनी टिकविली आहे. तर्जेची ओळ पाहून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे श्रेय तरी द्यावे.

परंतु ज्येष्ठांचा आक्षेपही झटकून टाकण्यासारखा नाही. गरब्याच्या चालीला चेहरा नव्हता. ती साऱ्या गावाची होती. चित्रपटातील गीताला नट असतो, नटी असते, विशिष्ट प्रसंग असतो. तो पुसला जाण्यास दोन पिढ्या लागतात. जुन्या बोलपटांच्या ज्या चाली आज स्तवनांत खुशाल चालतात, त्यांचे प्रसंग आठवणारी पिढीच बहुतेक गेली आहे, हे त्याचे खरे कारण. आणखी एक गोष्ट खटकते. चालीच्या ओढाताणीत कधी कधी तीर्थंकरांचे नाव मध्येच तुटते. अर्धे एका तालचक्रात आणि अर्धे दुसऱ्यात. भक्तामराच्या वसंततिलका वृत्तात असे कधी घडत नाही, कारण तेथे अक्षर आधी आणि सूर मागाहून येतो.

तथापि खरी हानी या दोन्ही आक्षेपांत नाही. चित्रपटगीत एका कसलेल्या गळ्यासाठी, ध्वनिक्षेपकासाठी आणि वाद्यवृंदासाठी रचलेले असते. त्याचा अंतरा वरच्या पट्टीत जातो, मध्ये वाद्यांचे तुकडे येतात. सभेत ते सुरू झाले की भाड्याने आणलेला गायक गातो आणि उरलेले तीनशे जण टाळ्या वाजवितात. जुनी ढाळ याच्या उलट. चार-पाच स्वरांत फिरणारी, दोन ओळींत वळण घेऊन परत येणारी, आठही गाथांना तीच. एका वृद्ध श्राविकेने उचलली की मागून पन्नास गळे लागतात. त्यांत बेसूर असतात, दमेकरी असतात, आईच्या मांडीवरील मूलही असते. चर्चने हास्लरच्या चालीचे स्वर सारखे करून घेतले ते याच कारणासाठी. चाल कोठून आली, यापेक्षा ती आल्यावर सभा गाते की गप्प बसते, ही कसोटी लावली तर चित्रपटांतील काही संथ, सोप्या चाली सहज उत्तीर्ण होतील आणि ‘शास्त्रीय’ म्हणून बसविलेली काही स्तवने अनुत्तीर्ण होतील.

दरम्यान जुन्या ढाळी वादात भाग न घेता मुकाट्याने जात आहेत. पूजासंग्रहात देशीची ओळ छापलेली आहे, परंतु ती चाल म्हणून दाखविणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, आणि बहुतेक सत्तरी-ऐंशीच्या पुढचे. ते नसतील तेव्हा वीरविजयजींच्या शब्दांचीही देसाईंच्या सूचीतील गीतांसारखी स्थिती होईल; फरक इतकाच की तेथे नाव उरले आणि सूर गेला, येथे सारी गाथा उरेल आणि सूर जाईल.

न्यासाने सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात दोन कामे हाती घ्यावीत. पूजासंग्रह नव्याने छापताना, अर्थ कळत नाही म्हणून देशीची ओळ गाळण्याचा मोह होतो, तो आवरावा. आणि या वृद्ध श्राविकांकडून स्नात्र, पंचकल्याणक आणि सज्झायांच्या ढाळी ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. आजच्या फोनवर हे काम बिनखर्चाचे आहे. मात्र प्रत्येक ढाळीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव, तिचे माहेर आणि ती चाल तिने कोणाकडून घेतली, हे नोंदवावे. कारण पालनपूरकडून आलेल्या सुनेची चाल आणि सादडीकडून आलेल्या सुनेची चाल एकाच ढाळीला निराळी असू शकते, आणि त्या दोन्ही एकाच देरासरात गेली चाळीस-पन्नास वर्षे शेजारी बसून गात आलेल्या असतात. बहुतेक जणी दुपारी सामायिकात असतात आणि तेथे यंत्र चालत नाही; तेव्हा पूजेनंतरची, नवकारशी आटोपल्यावरची तासाभराची वेळ त्यांना विचारून ठरवावी. घशाला त्रास होईल म्हणून एका बैठकीत दोनपेक्षा अधिक ढाळी मागू नयेत.